मागच्या पंगतीचा घास

गिरीश उपासनींच्या हातात वाढायचं पातेलं आलं की तो माणूस ओळखू येत नाही. एरवी किती मवाळ! बसमधून उतरताना ड्रायव्हरला आवर्जून थँक यू म्हणणारे, शेजारच्या मांजराने आपली फुलझाडं उकरली तरी शेजाऱ्याचीच माफी मागणारे. पण बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत पंगत बसली, की हेच गिरीशराव कमरेला टॉवेल खोचून अशा थाटात निघायचे, की भल्याभल्यांनी पाय आवरून बसावं. मीठ कुठे, लिंबू कुठे, कोशिंबीर चुकून उजवीकडे तर गेली नाही ना, सगळ्यावर नजर. प्लेट कागदाची असली म्हणून काय झालं, डावी-उजवी बाजू तिलाही असतेच, असं ते म्हणत.

आग्रह करावा तर त्यांनीच. ‘पुरे’ म्हणून आडवा धरलेला हात चुकवून त्याच्या शेजारून मसालेभात पानात उतरवण्याची त्यांची एक खास ढब होती. बरं, वाढून मोकळे होतील तर ते उपासनी कसले! जेवणं होत आली, की हेच गृहस्थ पुन्हा पंगतीतून फिरायचे, पण आता पातेलं न घेता, हात मागे बांधून. पानात काही उरलेलं दिसलं की थांबायचे. बोलायचे नाहीत, नुसते थांबायचे. मंडळातल्या एका पिढीची पोरं जिलब्या टिशूत गुंडाळून खिशात कोंबायला शिकली ती याच भीतीने. बिचाऱ्यांनी तक्रार करायची कुणाकडे? वाढणारेही तेच आणि तपासणारेही तेच.

पानात टाकायचं नाही हा नियम त्यांच्या वडिलांचा. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गिरीशराव लहानाचे मोठे झाले. वडील पार्सल ऑफिसात होते. घरात खाणारी तोंडं बरीच, पण शिस्त अशी, की जेवण झालेलं ताट आणि घासलेलं ताट यांतला फरक सांगता येऊ नये. बाहत्तरचा दुष्काळ पडला तेव्हा गिरीशराव कॉलेजात जायच्या वयाचे होते. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकऱ्या थापताना चिरायच्या आणि खाताना घशात अडकायच्या. “पण आमच्या घरी त्या वर्षीसुद्धा कुणी उपाशी झोपलं नाही आणि कुणी पानात कण टाकला नाही,” हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं, की त्यांची बायको वरदा ते सुरू झालं की उठून चहा ठेवायची.

मनमाडहून पुणे आणि पुण्याहून बर्मिंगहॅम असा त्यांचा प्रवास झाला. हॉस्पिटलच्या फार्मसीत सगळी नोकरी गेली. गोळी मोजून द्यायची, डोस चुकवायचा नाही, कुणाला उलट बोलायचं नाही. असा माणूस रिटायर झाला की घराची काय अवस्था होते ते वरदाताईंना विचारा. त्या कौन्सिलच्या लायब्ररीतून निवृत्त होऊन सुखात होत्या, आणि आता दिवसभर डाळीच्या डब्यांवर तारखा घालणारा नवरा घरात.

सुटका केली मुलीने. ऋजुता इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली. कुठल्या देशात अन्न कमी पडतंय यावर लक्ष ठेवणाऱ्या एका संस्थेत ती काम करायची आणि बुधवारी अर्धा दिवस रजा काढून स्मॉल हीथ या वस्तीतल्या एका हॉलमध्ये लंच क्लबला मदत करायची.

“बाबा, तू आईला totally मॅड करतोय,” ती एक दिवस म्हणाली. “आमच्या लंच क्लबला ये ना. तुझा सगळा एनर्जी तिकडे वापर.”

“तुझी सगळी एनर्जी,” गिरीशराव म्हणाले.

“Exactly. तेच एनर्जी.”

हॉल साधाच होता. बुधवारी दुपारी तिथे गरम जेवण मिळायचं, कुणीही यावं, कुणी काही विचारत नसे. स्वयंपाकघर रोकेया आपांच्या ताब्यात. आपा बांगलादेशातल्या सिल्हेटच्या, लग्न होऊन इथे आल्या त्यालाही आता जन्म लोटला. त्यांच्या भाताचं शीत शिताला चिकटत नसे आणि त्यांच्या शब्दाला कुणी शब्द लावत नसे. जेवायला येणारे बहुतेक सगळे मुसलमान, त्यामुळे मांस हलाल. गिरीशराव शाकाहारी. पहिल्या दिवशी त्यांनी कोंबडीचं पातेलं असं हातभर लांब धरलं होतं, की आपा पदराआड हसल्या. महिन्याभरात ते पातेलं पोटाशी धरून तीच कोंबडी आग्रह करकरून वाढायला लागले. वाढपी तो वाढपीच, पातेल्यात काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

घरी आल्यावर त्यांच्या बोलण्यात मात्र एक शब्द सारखा यायचा. मुस्लिम देशांतले लोक असं जेवतात, मुस्लिम देशांत तसं असतं. ऋजुताने काही दिवस ऐकून घेतलं, मग तिचं डोकं फिरलं.

“बाबा, असं एक डबा नसतं. मुस्लिम देश म्हणून सगळे एकात टाकायचे आणि झाकण लावायचं? कुवेतमध्ये जवळजवळ काही उगवत नाही, सगळं जहाजाने येतं, पण दुकानं फुल असतात, कारण विकत घ्यायची ताकद आहे. सुदानमध्ये नाईल आहे, जमीन आहे, शेजाऱ्यांना खायला घालू शकेल एवढं, आणि तिकडे famine आहे. का? वॉर आहे म्हणून. येमेनला गहू बाहेरून येतो, पोर्टवर गडबड झाली की ब्रेड गायब. आणि आपांचा बांगलादेश बघ. आपा लहान होत्या तेव्हा तिकडे लोक भुकेने मेले, आणि आता तांदूळ बराचसा घरचा पिकवतात. धर्म एक आहे. ताट वेगळा आहे प्रत्येकाचा.”

“प्रत्येकाचं,” गिरीशराव सवयीने म्हणाले, पण बाकीचं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. आणि खरी पंचाईत तिथेच झाली. कारण माणूस फार्मसीतला. माहिती मिळाली की लगेच डोस ठरवणार.

बदर नावाचा एक कुवेती विद्यार्थी बुधवारी यायचा. युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग शिकत होता. त्याला फुकटच्या जेवणाची गरज नव्हती, गरज होती ती घरच्यासारख्या भाताची आणि चार माणसांत बसण्याची. गिरीशरावांनी ठरवलं, हा भरल्या घरचा पोरगा, ह्याला अन्नाची किंमत काय असणार, हा टाकणार. म्हणून त्याला ते मोजून वाढायचे. आणि बतूलबाई सुदानच्या, म्हणजे उपाशी मुलखातल्या. त्यांच्या पानात डोंगर.

बतूलबाई पन्नाशी ओलांडलेल्या, अंगभर लपेटलेलं पातळ वस्त्र, ताठ बसायच्या. गावी शाळेत भूगोल शिकवायच्या, इंग्रजी चांगलं. निर्वासितांच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्यांना गावाबाहेरच्या एका हॉटेलात ठेवलं होतं. तिथे चूल नाही, डब्यातलं गार जेवण मिळतं, आणि बुधवारचं हे ताट म्हणजे आठवड्यातलं एकच गरम जेवण, एवढं गिरीशरावांना आपांकडून कळलं होतं. त्या गिरीशरावांना ‘उस्ताज’ म्हणायच्या. आपल्याकडे ‘सर’ म्हणावं तसा तो शब्द आहे, असं बदरने सांगितल्यापासून गिरीशराव त्यांना जरा जास्तच वाढायला लागले होते.

पण घडायचं ते नेमकं उलटं. बदरचं ताट लख्ख. त्याची आजी ताटाबाहेर सांडलेलं शीतसुद्धा उचलून ओठांना लावते, असं तो सांगायचा. तिच्या लहानपणी कुवेतमध्ये प्यायचं पाणीसुद्धा जहाजातून यायचं, हे तिने नातवंडांना विसरू दिलं नव्हतं. आणि बतूलबाईंच्या ताटात दर बुधवारी निम्मं अन्न तसंच. जेवायला बसल्या की चमच्याने भाताचे दोन भाग करायच्या, चांगला कोंबडीचा तुकडा पलीकडच्या भागावर ठेवायच्या आणि अलीकडचं तेवढं खायच्या. पलीकडच्याला हात नाही. ताट परत यायचं, हॉलच्या नियमाप्रमाणे उष्टं म्हणून गिरीशराव ते कचऱ्याच्या बादलीत खरवडायचे, आणि दर वेळी त्यांना मनमाडची ती घासल्यासारखी ताटं आठवायची.

सांगितलं असतं बतूलबाईंना थोडं कमी वाढतो म्हणून, तर प्रश्न मिटला असता. पण कमी वाढणं हे गिरीशरावांच्या रक्तात नव्हतं. शेवटी एका बुधवारी ते हात मागे बांधून त्यांच्या टेबलाशी जाऊन थांबले. मंडळात थांबायचे तसे. बतूलबाईंनी हसून ताट पुढे केलं.

“बाई, राग मानू नका,” गिरीशराव इंग्रजीत, अगदी हळू आवाजात म्हणाले, “पण हे कुठे जातं माहीत आहे? त्या बादलीत. दर बुधवारी. तुमच्या देशात माणसं अन्नावाचून मरतायत. निदान तुम्ही तरी असं टाकू नये.”

बतूलबाईंनी आधी बादलीकडे पाहिलं. मग बराच वेळ ताटाकडे. ताट परत जवळ ओढलं आणि उरलेलं सगळं खाल्लं, एक एक शीत. पोटात जागा नसताना माणूस खातो तसं, घोटभर पाणी पिऊन पिऊन. ताट पुसून घेतलं, “थँक यू, उस्ताज,” म्हणाल्या आणि गेल्या.

गिरीशराव त्या दिवशी तरंगतच घरी आले. वरदाताईंना सगळं रंगवून सांगितलं. “रागावलो नाही हं. प्रेमाने सांगितलं. आणि ऐकलं बाईंनी! ताट बघायला हवं होतंस, आमच्या वडिलांनी पाठ थोपटली असती.”

वरदाताई नुसतं “हं” म्हणाल्या. ते “हं” गिरीशरावांना जरा लागलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही.

पुढच्या बुधवारी बतूलबाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. बरं नसेल, असं गिरीशराव म्हणाले. मग, हॉटेल बदललं असेल. मग काही म्हणेनासेच झाले. खिडकीजवळच्या त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसायला गेलं की ते उगाच तिथलं टेबल पुसत उभे राहायचे. आठवड्यातलं एकच गरम जेवण, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. वाढप्याच्या बोलण्याने माणूस पानावरून उठून गेला, आणि परत फिरकला नाही. मनमाडात असं झालं असतं तर वडिलांनी त्यांना घराबाहेर उभं केलं असतं.

शेवटी त्यांनी आपांना गाठलं. हॉल रिकामा झाला होता, आपा गॅस पुसत होत्या. गिरीशरावांनी घडलेलं सगळं सांगितलं, जे त्यांनी तोवर वरदाताई सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं. आपांचा हात गॅसवरच थांबला.

“या अल्ला. तुम्ही तिला बादली दाखवलीत?”

“म्हणजे?”

“गिरीशभाई, ती पहिल्या दिवशी आत आली होती, स्वयंपाकघरात. मला विचारलं, तुम्ही सगळ्या काय जेवता? मी म्हटलं, आम्ही मागून जेवतो, जे उरेल ते. तेव्हापासून ती आमचा वाटा काढून ठेवत होती. खाण्याआधी, चमच्याने, हात न लावता. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. मी तिला सांगायला हवं होतं, की इथे ताटातलं परत घेता येत नाही. पण तिला केवढं बरं वाटत होतं! मी म्हटलं, राहू दे.” मग आपा खऱ्याखुऱ्या नवलाने म्हणाल्या, “पण तुम्ही तर इंडियाचे. तुमच्या घरी बायका मागून जेवत नव्हत्या?”

ह्याचं उत्तर गिरीशराव घरी जाताना बसमध्ये शोधत राहिले. ओट्याशी पाठमोरी आई, तव्यावरून थेट पानात येणारी भाकरी, ‘अजून एक घे रे’ म्हणणारा आवाज, सगळं स्वच्छ आठवत होतं. फक्त जेवणारी आई आठवेना. एकदाही नाही. ते बसमध्येच घाबरले.

घरी आल्यावर कोटसुद्धा न काढता त्यांनी विचारलं, “वरदा, आमची आई कधी जेवायची गं?”

वरदाताई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. “आज काय हे?”

“सांग ना.”

“तुमचं सगळ्यांचं झालं की. आमच्या घरीही तसंच होतं, तुमच्याकडे काही वेगळं नव्हतं.” त्या थांबल्या. पुढचं बोलावं की नाही याचा त्यांनी विचार केला आणि मग बोलायचं ठरवलं. “लग्नानंतर मी तुमच्या आईंबरोबर जेवायला बसायची तेव्हा त्या सांगायच्या. मिलोच्या वर्षी तुमचे बाबा आणि तुम्ही मुलं जेवून उठलात, की टोपल्यात बघायच्या. असली भाकरी तर खायच्या. नसली तर पातेल्यात पाणी घालून, हलवून, मीठ टाकून प्यायच्या. तुमच्यातलं कुणी आत डोकावलं की म्हणायच्या, ‘माझं झालं पोटभर.’”

“पण आमच्याकडे त्या वर्षी कुणी उपाशी...”

“तुम्ही नाही झोपलात,” वरदाताई शांतपणे म्हणाल्या.

गिरीशराव खुर्चीवर बसले.

“मला एकदा म्हणाल्या होत्या,” वरदाताई पुढे बोलत राहिल्या, “गिरीशला पानात टाकू नकोस एवढं शिकवलं, मागे ठेव हे शिकवायचं राहिलं. हसत म्हणाल्या होत्या. तक्रार नव्हती. म्हणून मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.”

गिरीशराव रडले. सत्तरीच्या माणसाने कोट अंगात असताना स्वयंपाकघरात बसून रडावं तसे, ओशाळून आणि न थांबता. वरदाताईंनी भाजी बाजूला सारली, पण चहा ठेवायला उठल्या नाहीत. या वेळी त्या जवळ बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ते हॉटेलवर गेले. एकटेच. जाताना डबा न्यावा असं फार वाटत होतं, पण वरदाताईंनी अडवलं. “आधी माफी मागा. अन्न नंतर. नाहीतर तुम्ही तिथेही आग्रह करत बसाल.” रिसेप्शनवरच्या मुलीने आत सोडलं नाही, निरोप वर पाठवला. बतूलबाई खाली आल्या. तेच ताठ चालणं, पण चेहरा उतरलेला. दोघं लॉबीतल्या खुर्च्यांवर बसले.

गिरीशराव भाषणासारखं काही पाठ करून गेले होते, ते विसरले. “माझं चुकलं,” एवढंच म्हणाले. “तुम्ही आमच्यासाठी ठेवत होतात आणि मी ते फेकत होतो. वर तुम्हालाच शिकवलं.”

बतूलबाईंनी अंगावरचं वस्त्र सावरलं.

“माझी बहीण अजून तिकडेच, ओमदुरमान शहरात आहे,” त्या म्हणाल्या. “गल्लीतल्या बायका मिळून एक मोठं पातेलं चढवतात. कधी मसूर, कधी नुसती ज्वारीची लापशी. सगळ्या गल्लीची रांग लागते. माझी बहीण वाढायला असते. रांग संपायच्या आधी पातेलं संपतं. मग वाढणाऱ्या बायका तशाच घरी जातात. फोनवर विचारलं तर म्हणते, मी खाल्लं. ती खोटं बोलते ते मला इथून कळतं.”

गिरीशरावांनी मान खाली घातली.

“आमचं गाव जझीराचं, निळी आणि पांढरी अशा दोन नाईलच्या मधलं. कालवे, ज्वारी, गहू, भुईमूग. आमच्या अंगणात पाहुणा जेवला की अर्धं ताट मागे ठेवायचा, आतल्या बायकांसाठी. ज्याने सगळं पुसून खाल्लं त्याला लोक हसायचे, घरी कुणी नाही का तुझ्या, म्हणून. तेव्हा सगळं भरपूर होतं, ती नुसती रीत होती. आता गोदामं लुटली, पेरणी झाली नाही, आणि आता मला त्या रीतीचा अर्थ कळतो. बहिणीला मी काही पाठवू शकत नाही. म्हणून बुधवारी आपांसाठी ठेवायचे. मला वाटायचं, इथे एका वाढणाऱ्या बाईला मिळतंय, तर तिथे एकीला कुणीतरी ठेवत असेल.” त्यांनी गिरीशरावांकडे पाहिलं. “तुम्ही टोकलंत याचं काही नाही, उस्ताज. मी शिक्षिका आहे, मीही टोकलंय. पण इतके दिवस ते बादलीत जात होतं. ते कळल्यावर मला तिथे घास गिळवेना.”

“बुधवारी याल?” गिरीशरावांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एकदाच विचारलं आणि पुढे आग्रह केला नाही. त्यांना ते किती जड गेलं, हे त्यांच्या मंडळातल्या कुणालाही समजेल.

“बघते,” बतूलबाई म्हणाल्या.

बुधवारी गिरीशराव वरदाताईंना बरोबर घेऊन हॉलमध्ये गेले. घरातली मोठी परात त्यांनी पिशवीत घातली होती, कणीक मळायची. रोजच्यासारखी माणसं आली. गिरीशराव वाढत होते, पण नजर दाराकडे. बदरला त्यांनी प्रथमच भरपूर वाढलं आणि तो इतका चकित झाला, की त्याने आजूबाजूला पाहिलं. खिडकीजवळची खुर्ची रिकामीच होती. जेवणं उरकत आली, लोक कोट चढवायला लागले. गिरीशरावांनी टॉवेल कमरेचा काढून हातात घेतला. आता नाही येत, असं त्यांनी मनाशी धरलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

तेव्हा बतूलबाई आल्या. खुर्चीकडे गेल्याच नाहीत. सरळ स्वयंपाकघरात जाऊन आपांना म्हणाल्या, “मी तुमच्याबरोबर जेवेन. मागून.”

गिरीशरावांचा चेहरा असा उजळला, की ऋजुता म्हणाली, “बाबा, calm down.”

सगळ्यांचं मिळून एकच पान म्हणून परात टेबलावर आली. आपा, बतूलबाई, वरदाताई आणि ऋजुता भोवती बसल्या. गिरीशराव वाढायला उभे राहिले. भात घातला, वर डाळ, कडेने भाजी, मग कोंबडी एका बाजूला, कारण दुसऱ्या बाजूला वरदाताई होत्या. आणि मग माणसाच्या अंगातली जुनी खोड उसळली. “अजून थोडा. आपा, तुम्ही काहीच घेतलं नाहीत. ऋजुता, हे काय चिमणीसारखं? बतूलबाई, गरम आहे तोवर घ्या.” या वेळी कुणी हात आडवा धरला नाही. त्या बायका हसत होत्या, जेवत होत्या, बतूलबाई त्यांच्या गावच्या ज्वारीच्या घावनासारख्या पातळ किसऱ्याबद्दल सांगत होत्या आणि वरदाताई तव्याची आच किती ते विचारत होत्या. गिरीशरावांनी पातेलं खरवडून शेवटचा भात परातीत उपडा केला. पळी रिकाम्या तळाला लागली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण अजून जेवलेलो नाही. आणि भूक लागली होती. चांगली कडकडून.

ते पातेलं घेऊन सिंककडे वळले.

“उस्ताज,” बतूलबाईंनी हाक मारली.

परातीची त्यांच्या समोरची बाजू स्वच्छ होती. चमच्याने ओढलेली सरळ रेघ, आणि रेघेच्या पलीकडे भात, डाळ, भाजी, हात न लावलेलं. कोंबडीचा तुकडा मात्र तेवढा उचलून आपांकडे सरकवलेला होता. बतूलबाईंनी परात फिरवली. तो भाग गिरीशरावांच्या पुढ्यात आला.

“हे मागे राहिलेल्याचं,” त्या म्हणाल्या.

गिरीशराव बसले. कुणीतरी आपल्यासाठी मागे ठेवलेलं अन्न ते जन्मात पहिल्यांदा खात होते. भात निवला होता, डाळ आळली होती. त्यांनी एकही शीत टाकलं नाही, टाकवलंच नसतं. खरं सांगायचं तर ते त्यांना पुरलं नाही. भुकेल्या माणसाला अर्ध्या ताटाने काय होणार?

“बाबा,” ऋजुताने विचारलं, “तुला enough झाला का?”

पातेल्यात काही नव्हतं, आणि ते सगळ्यांनाच दिसत होतं.

“माझं झालं पोटभर,” गिरीशराव म्हणाले.

वरदाताईंनी चटकन मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग आपल्या समोरचा भात चमच्याने त्यांच्या बाजूला सारला.